पुढचं विमान कधी? मुंबई–कोल्हापूर विमानप्रवास आखण्याची कृती

मुंबईहून दिल्लीचं विमान चुकलं तर पैसे जातात आणि दोन-तीन तास जातात. मुंबईहून कोल्हापूरचं विमान चुकलं किंवा रद्द झालं तर अख्खा बेतच जातो. दिल्लीला दिवसभर विमानं सुटत असतात. जिल्ह्याच्या विमानतळावर एखाद्या मार्गाला दिवसातून एकच विमान, आणि कित्येकदा तेही आठवड्यातले ठरावीक वारच. त्यामुळे तिकीट केवढ्याला पडेल, हा इथे पहिला प्रश्न नव्हे. हे विमान गेलं नाही तर पुढचं कधी, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर आधी शोधलं की बाकीची आखणी आपोआप मार्गी लागते.

खालची कृती कोल्हापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. गावांची आणि गाड्यांची नावं बदलली की नांदेड, जळगाव, सोलापूर, अमरावती अशा कुठल्याही छोट्या विमानतळाला ती लागू पडते.

पायरी १ : दारापासून दारापर्यंतचा वेळ मांडा

विमान हवेत तासभरच असतं, म्हणून प्रवास तासाभराचा होत नाही. कागदावर बेरीज करा. दादरहून निघणाऱ्या माणसाला विमानतळ गाठायला एक तास, गर्दीच्या वेळी दीड. सुटण्याआधी दीड ते दोन तास तिथे हजेरी. उड्डाण सव्वा तासाचं धरा. कोल्हापूरचं टर्मिनल छोटं, त्यामुळे बाहेर पडायला वीस मिनिटं पुरतात. उजळाईवाडीच्या विमानतळापासून शहर नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे आणखी अर्धा तास. एकूण साधारण पाच तास.

रस्त्याने मुंबई–कोल्हापूर पावणेचारशे-चारशे किलोमीटर आहे. सगळं सुरळीत असलं तर गाडीने सात-आठ तास लागतात. महामार्गाचं रुंदीकरण चालू असलेल्या टप्प्यांत अडकलात तर जास्त. रेल्वेला अख्खी रात्र लागते, पण ती झोपेत जाते. म्हणजे दादरकराचे विमानाने दोन-तीन तास वाचतात.

हीच बेरीज पनवेलकराने केली तर चित्र बदलतं. तो आधीच द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी राहतो. मुंबईचं विमानतळ गाठण्यासाठी उलट दिशेने तासभर घालवायचा आणि मग कोल्हापूरला उडायचं, यात वाचत काहीच नाही. जिथे उतरणार तिथलंही पाहा. काम चंदगडला असेल तर कोल्हापूरपेक्षा बेळगावचं सांबरा विमानतळ जवळ पडतं. बेरजेतला फरक दोन तासांच्या आत आला, तर विमानाचा विचार इथेच सोडलेला बरा.

पायरी २ : सेवा आज चालू आहे का, ते तपासा

‘कोल्हापूरला विमान आहे की’ हे वाक्य गेल्या वर्षी खरं असेल. त्यावर यंदाचं तिकीट काढू नका. छोट्या मार्गांवरच्या सेवा सुरू होतात, बंद पडतात, कंपनी बदलून पुन्हा येतात. कोल्हापूरचं विमानतळ १९३९ सालचं, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातलं. पण तिथली प्रवासी सेवा मधली कित्येक वर्षं बंदच होती. २०१९मध्ये ट्रूजेटने मुंबईची सेवा सुरू केली, पुढे २०२२च्या सुरुवातीला त्या कंपनीची विमानंच थांबली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टार एअर या मार्गावर आली.

या चढउतारामागे ‘उडान’ योजनेचं गणित असतं. २०१७मध्ये या योजनेतली पहिली विमानं उडाली. ठरलेल्या मार्गावर कंपनीला तीन वर्षं तोटा भरून मिळतो, आणि त्या बदल्यात काही जागा मर्यादित दराने विकाव्या लागतात. तीन वर्षं सरली, अनुदान थांबलं, की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहतो किंवा बंद होतो. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं तेच झालं: मुंबईचं विमान ऑक्टोबर २०२१मध्ये मोठ्या थाटात सुरू झालं आणि तीन वर्षं भरल्यावर २०२४मध्ये थांबलं.

म्हणून तपासणी अशी करा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर सलग सात दिवसांच्या तारखा टाकून पाहा. कोणत्या वारी विमान आहे ते लगेच कळतं. तिकिटं विकणाऱ्या मोठ्या ॲपवर सगळ्या छोट्या कंपन्या दिसतातच असं नाही. दुसरं, वेळापत्रकाचे हंगाम लक्षात ठेवा. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होतं, हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. दिवाळी बहुधा याच सांध्याच्या आसपास येते. ऑगस्टमध्ये काढलेलं नोव्हेंबरचं तिकीट वेळ किंवा वार बदलून हाती येऊ शकतं. सांध्यापलीकडची तारीख असेल, तर नवं वेळापत्रक लागू होताना तिकीट पुन्हा एकदा उघडून बघा.

पायरी ३ : परतीपासून मागे या

माणसं जाण्याचं तिकीट आधी काढतात आणि परतीचं घोडं अडतं. इथे उलट करा. मुंबईत अमुक वारी अमुक वाजता हजर असणं भाग आहे, हे आधी लिहा. त्याआधीचं कोल्हापूरहून निघणारं विमान कोणतं ते शोधा. मग विचारा : हे रद्द झालं तर?

एक उदाहरण घेऊ. समजा, विमान मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दुपारी उडतं. कोल्हापुरात रविवारी सकाळी लग्न आहे आणि सोमवारी मुंबईत कामावर हजर व्हायचं आहे.

परतीचं विमान थेट मंगळवारी; म्हणजे परत येताना विमान बादच. रविवारी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोमवारी सकाळी मुंबईत सोडते. परतीचं तिकीट रेल्वेचं काढा. देशांतर्गत विमानात जाऊन-येऊन एकत्र तिकीट काढल्याने सहसा काही स्वस्त पडत नाही, त्यामुळे एक बाजू विमानाने आणि एक रेल्वेने यात नुकसान नाही.

जाताना शनिवारचं विमान धरलं तर ते रद्द झाल्यावर शनिवार रात्रीची रेल्वे आहे. ती लग्नाच्या सकाळीच पोचवेल. जमेल, पण मुहूर्त सकाळी लवकरचा असेल आणि तुम्ही मुलीचे मामा असाल, तर जीव टांगणीला लागेल. गुरुवारचं विमान धरलं तर मागे दोन रात्रींच्या गाड्या आणि शनिवारचं विमान, असे तीन आधार उरतात. दोन दिवस रजा जास्त जाते. ती द्यायची की धोका घ्यायचा, हे कामाच्या वजनावर ठरवा. अंबाबाईच्या दर्शनाला निघालात तर शनिवार चालेल. खरेदीखतावर सह्या असतील, दवाखान्याची तारीख असेल, तर गुरुवार.

यातून निघणारा नियम असा : विमानाची वेळ त्याच दिवसाच्या शेवटच्या रेल्वेच्या किंवा बसच्या बरीच आधी हवी. दुपारचं विमान रद्द झालं तर रात्रीची गाडी मिळते. रात्री नऊचं विमान दहा वाजता रद्द झालं, तर महालक्ष्मी तोवर कल्याणच्याही पुढे गेलेली असते.

पायरी ४ : मुंबईत नेमकं कुठून सुटतं, ते वाचा

‘मुंबई’ एवढं वाचून टॅक्सी बोलावू नका. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन टर्मिनलं आहेत. टी-वन विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टी-टू अंधेरीच्या सहार बाजूला. देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात. शिवाय २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आहेत. तिकिटावर जुन्या विमानतळाचा संकेत बीओएम असतो, नव्या मुंबईचा एनएमआय. बोरिवलीकराने एनएमआयचं तिकीट काढलं, तर पायरी १ची बेरीज पुन्हा मांडावी लागेल. उलट पनवेल-नेरूळकरांना तिथून सेवा मिळत असेल, तर त्यांचं गणित पहिल्यांदाच जमेल.

गोव्याचंही असंच. दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. कोल्हापूरला किंवा सावंतवाडीला जाण्यासाठी गोव्यात उतरणार असाल तर मोपा हवं.

जुन्या विमानतळाला मेट्रो-तीनची टी-वन आणि टी-टू अशी दोन वेगळी स्थानकं आहेत. दिवसाच्या विमानाला मेट्रोइतका खात्रीचा मार्ग नाही. पहाटेच्या विमानासाठी मात्र तिच्यावर विसंबू नका.

पायरी ५ : तिकीट काढा, पण तीन गोष्टी पाहून

पहिली, दर. ‘उडान’च्या जाहिरातीत अडीच हजारांचा आकडा गाजला, तो तासाभराच्या उड्डाणातल्या सुमारे निम्म्या जागांसाठी होता. उरलेल्या जागा बाजारभावाने जातात. विमानात जागा पन्नास ते ऐंशीच्या दरम्यान, त्यामुळे नवरात्र, दिवाळी, मे महिना आला की स्वस्त जागा भराभर उडतात. दर फारच चढला असेल तर आदला-नंतरचा वार बघा.

दुसरी, संपर्क. तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल नंबर हवा. एजंट स्वतःचा नंबर घालतो, मुलगा अमेरिकेतून आईचं तिकीट काढताना त्याचा घालतो, आणि विमान रद्द झाल्याचा संदेश आईपर्यंत पोचतच नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमानुसार, संपर्काची पुरेशी माहिती न देणाऱ्या प्रवाशाला भरपाईही मिळत नाही.

तिसरी, कोणाकडून काढलं. थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट बदलणं किंवा परत करणं एका फोनचं काम असतं. मध्ये एजंट असला की कंपनी एजंटकडे आणि एजंट कंपनीकडे बोट दाखवतो. छोट्या मार्गावर बदल होण्याची शक्यता जास्त, म्हणून इथे थेट तिकिटाला जास्त किंमत आहे. आणि हे पदरात बांधून ठेवा : ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट तुम्ही रद्द केलंत, किंवा विमानतळावर गेलाच नाहीत, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मागता येतात.

पायरी ६ : परदेशातून येणार असाल तर रात्रभराचं अंतर ठेवा

न्यू जर्सीहून किंवा दुबईहून मुंबईत उतरायचं आणि पुढे कोल्हापूरला उडायचं, यात सगळ्यात मोठी फसगत होते. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असली, दोन पीएनआर असले, तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तुम्ही तिच्या दृष्टीने फक्त न आलेले प्रवासी.

मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशन, मग बॅगा, मग कस्टम्स, मग बाहेर येऊन दुसऱ्या टर्मिनलला जाणं, पुन्हा बॅगा देणं आणि पुन्हा तपासणी. कागदावरचे तीन तास इथे अपुरे पडतात. पाच-सहा तास ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढा आणि दुसऱ्या दिवशीचं विमान धरा.

परत जाताना आणखी जपा. आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचलंच पाहिजे, आणि त्या आदल्या दिवसाचं कोल्हापूरचं विमान रद्द झालं तर रात्रीची रेल्वे हाताशी हवी. लाखभराचं तिकीट चार हजारांच्या तिकिटावर टांगून ठेवू नका.

पायरी ७ : दुसरा मार्ग आधीच राखून ठेवा

‘बघू तेव्हाचं तेव्हा’ इथे चालत नाही, कारण विमान रद्द होतं तेव्हा सत्तर माणसं एकाच वेळी बसची ॲप उघडतात.

महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी सुटतं. काम अडणारं असेल तर त्या रात्रीचं एक तिकीट काढून ठेवा. विमान सुटल्यावर ते रद्द केलंत तर काही रक्कम कापली जाईल. तो विमा समजा. तेवढा खर्च नको असेल तर किमान दोन खासगी बसगाड्यांच्या वेळा, त्या कुठून सुटतात ती ठिकाणं, आणि पुण्यापर्यंत रेल्वेने जाऊन पुढे एसटीने जायचा मार्ग लिहून ठेवा. पुणे–कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे आणि स्वारगेटहून गाड्या भरपूर.

शेजारची विमानतळंही याच यादीत. बेळगावहून कोल्हापूर महामार्गाने दोन-अडीच तास, मोपाहून आंबोली घाटाने साधारण चार. वैमानिकाला कोल्हापुरात उतरता आलं नाही तर विमान मुंबईला परततं किंवा अशा एखाद्या विमानतळाकडे वळवलं जातं. तसं झालं तर तिथे उतरून रस्ता धरायचा की विमानातच बसून राहायचं, याचा विचार आधी करून ठेवा. उतरणार असाल तर बॅग खाली काढून मिळेल का आणि पुढची सोय कंपनी करणार का, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारूनच पाऊल टाका.

पायरी ८ : ऋतू पाहून वेळ निवडा

मोठ्या विमानतळांवर धुक्यात आणि पावसात उतरायला मदत करणारी यंत्रणा असते. सगळ्या छोट्या विमानतळांवर ती नसते. जिथे नसते तिथे वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते; त्यासाठी किमान पाच किलोमीटरपर्यंतचं स्वच्छ दिसणं गरजेचं धरलं जातं. डिसेंबर-जानेवारीतली धुक्याची सकाळ आणि जुलै-ऑगस्टमधले खाली उतरलेले ढग इथे घात करतात. हिवाळ्यात भल्या सकाळपेक्षा दुपारकडचं विमान बरं.

दुसरं कारण विमानाच्या फेऱ्यांचं. एसटीची एकच गाडी दिवसभर चार गावं करते, तसं एकच विमान दिवसभर चार-पाच टप्पे उडतं. सकाळी बंगळुरूला झालेला पाऊण तासाचा उशीर दुपारी कोल्हापुरात दीड तासाचा होतो. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथे रांग कायमची, आणि एकदा हुकलेली वेळ पुन्हा मिळायला थांबावं लागतं. छोट्या विमानतळाच्या कामकाजाच्या वेळा ठरलेल्या असतात. रात्री उतरण्याची सोय सगळीकडे नसते. उशीर त्या वेळेपलीकडे गेला की त्याचं रूपांतर रद्द होण्यात होतं. म्हणून दिवसातलं शेवटचं विमान शक्यतो टाळा.

मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेक दिवस देखभालीसाठी सहा तास बंद ठेवतात, गेली काही वर्षं सकाळी ११ ते संध्याकाळी ५. तारीख आधीच जाहीर होते. मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा बेत असेल तर बघून घ्या.

पावसाळ्यात कोल्हापूरला जाणाऱ्यांनी पंचगंगेवरही नजर ठेवावी. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. तेव्हा रस्त्याचा दुसरा मार्ग उरत नाही, आणि विमानाने उजळाईवाडीला पोचलात तरी शिरोलीच्या पलीकडे, सांगलीकडे जाणं अवघड होतं. बंधाऱ्याची पातळी चाळिशीकडे सरकत असेल तर जाणंच पुढे ढकला.

पायरी ९ : विमान पाहून बॅग भरा

या मार्गांवर बहुधा दोन प्रकारची विमानं भेटतात : पंख्यांचं एटीआर ७२ आणि छोटं एम्ब्रेयर जेट. दोन्हींत मधल्या वाटेच्या कुठल्याही बाजूला दोनपेक्षा जास्त खुर्च्या नसतात. मधली अडचणीची जागा कोणाच्या वाट्याला येत नाही. एटीआरचं प्रवाशांचं दार मागे असतं आणि सामानाचं पुढे. त्यामुळे लवकर उतरायचं असेल तर पुढची नव्हे, मागची रांग मागा. पंख खिडकीच्या वर असल्याने खालचा सह्याद्री मात्र कुठूनही दिसतो.

डोक्यावरचे कप्पे उथळ असतात. दिल्लीच्या विमानात सहज मावणारी चाकांची बॅग इथे मावत नाही. जिन्यापाशी कर्मचारी तिला चिठ्ठी बांधतो आणि ती खाली सामानात जाते. औषधं, दागिने, कागदपत्रं, चार्जर आणि पॉवर बँक छोट्या पिशवीत वेगळी ठेवा, म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी बॅग उघडून बसायची वेळ येत नाही. पॉवर बँक तर सामानात चालतच नाही, ती अंगाजवळच हवी.

हातातलं सामान सहसा सात किलो आणि खाली द्यायचं पंधरा किलो. नक्की आकडा तिकिटावर वाचा. आखूड धावपट्टी आणि रणरणती दुपार असली तर विमानाला कमी वजन घेऊन उडावं लागतं, आणि अशा वेळी एखादी बॅग मागे राहून पुढच्या विमानाने येते. पुढचं विमान परवा असेल तर बॅगही परवा. लग्नाचा शालू खाली देऊ नका.

कोल्हापूरहून परतताना कांदा-लसूण मसाला, तिखट आणि लोणचं खाली द्यायच्या बॅगेत, घट्ट बांधून. तपासणीत ते हातातून काढून घेतात. अंबाबाईच्या ओटीचा अख्खा नारळ हातातल्या बॅगेत अडवतात, आणि सुकं खोबरं ज्वलनशील म्हणून सामानातही चालत नाही. गूळ आणि चपला खुशाल न्या.

ज्येष्ठ प्रवासी असेल तर आणखी एक काम. छोट्या विमानतळांवर विमानाला थेट जोडणारा पूल बहुधा नसतो. धावपट्टीच्या बाजूने चालत जाऊन जिना चढावा लागतो. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी, आणि ‘जिना चढता येत नाही’ हे स्पष्ट सांगा. नुसत्या ‘व्हीलचेअर’ एवढ्या शब्दावर जिन्यापर्यंतची खुर्ची मिळते, वर चढवायची सोय मिळेलच असं नाही.

पायरी १० : शेवटचे दहा किलोमीटर ठरवून ठेवा

मुंबईत विमानतळाबाहेर पडलं की ॲपवर गाडी मिळते, ही सवय इथे सोडा. दिवसाला मोजकी विमानं, म्हणून बाहेर थांबणाऱ्या गाड्याही मोजक्याच. बॅगेची वाट पाहून तुम्ही बाहेर येईपर्यंत त्या भरून गेलेल्या असतात. उतरायच्या ठिकाणी, मग ते लॉज असो की पाहुण्यांचं घर, आदल्या दिवशी फोन करा. ‘विमान किती वाजता येतंय’ असं विचारलं तर वेळेबरोबर विमानाचा क्रमांकही द्या, म्हणजे उशीर झाला तर चालकाला तो स्वतः पाहता येतो. चालकाचा नंबर कागदावरही लिहा. पुढे पन्हाळा, सांगली किंवा इचलकरंजी गाठायची असेल तर भाडं आधीच बोलून घ्या.

पायरी ११ : आदली संध्याकाळ आणि ती सकाळ

आदल्या संध्याकाळी वेब चेक-इन करा, टर्मिनल पुन्हा वाचा, ओळखपत्रावरचं नाव तिकिटावरच्या नावाशी ताडून बघा. तिकिटावर ‘सुनील’ आणि आधारवर ‘सुनिल’ असं काही असेल तर ते काउंटरवर नव्हे, फोनवर आधी मिटवा.

त्या सकाळी घरातून निघण्याआधी एक गोष्ट जरूर पाहा : आपलं विमान आत्ता कुठे आहे. विमानांचा माग दाखवणारी मोफत ॲप आहेत. आपल्याला नेणारं विमान आधी कुठून येणार आहे ते शोधा आणि ते तिथून निघालं का ते बघा. कंपनीच्या संदेशात ‘वेळेवर’ लिहिलेलं असताना ते विमान दुसऱ्याच शहरात उभं असेल, तर उशीर होणार हे तुम्हाला कंपनीआधी कळतं. तरीही घरातून वेळेवरच निघा. चेक-इनचा काउंटर मूळ वेळेच्या तासभर आधी बंद होतो, आणि उशिराच्या विमानाचे हक्क वेळेवर हजर असलेल्यालाच मिळतात.

पायरी १२ : रद्द झालं, तर या क्रमाने हला

आधी राखून ठेवलेला दुसरा मार्ग पक्का करा, मग काउंटरच्या रांगेत उभे राहा. रांगेत वाद घालण्यात अर्धा तास गेला तर तेवढ्यात बसही भरते.

मग हक्क. कंपनीने विमान रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक तुम्ही निवडायचं. पुढचं विमान दोन दिवसांनी असेल तर परतावा घेऊन मोकळे व्हा. आयत्या वेळी, म्हणजे २४ तासांच्या आत कळवून रद्द केलं असेल, तर भरपाईही असते : एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. कारण हवामानाचं किंवा कंपनीच्या हाताबाहेरचं असेल तर भरपाई नाही, पण परताव्याचा किंवा दुसऱ्या विमानाचा हक्क राहतो. म्हणून रद्द होण्याचं कारण लेखी मागा. संदेश किंवा मेल चालेल. दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची. सहा तासांच्या वर गेला तर परतावा किंवा दुसरं विमान मागता येतं. कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. पीएनआर, बोर्डिंग पास आणि त्या दिवशीचे संदेश जोडा.

आता या सगळ्यावरून शेवटचा हिशेब. पैसे भरण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा : हे विमान गेलं नाही तर पुढचं कधी? त्याआधी पोचवणारी गाडी कोणती, आणि तिची जागा हातात आहे का? आणि इतकं करूनही पोचलो नाही, तर नुकसान कशाचं? पहिल्या दोन प्रश्नांना नाव आणि वेळ लिहिता आली, तर निर्धास्त तिकीट काढा. दुसऱ्याची जागा कोरी राहिली आणि तिसऱ्यात लग्न, ऑपरेशन किंवा परीक्षा असं काही आलं, तर रात्रीची महालक्ष्मी धरा आणि विमान पुढच्या खेपेला ठेवा.